मोटार नगरला, धूर चंद्रपूरला

एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. तापमानवाढीवरचे एक प्रतिरूप नववीच्या मुलींनी मांडले होते. कारखान्याची धुराडी, मोटारगाड्या, बर्फ वितळणारा ध्रुव, सारे काही होते. आम्ही सहज विचारले, "यात आपला जिल्हा कुठे आहे?" मुली गोंधळल्या. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "सर, आपल्याकडे तर एकही औष्णिक वीजकेंद्र नाही. आपला वाटा शून्यच असणार ना?"

उत्तर चुकीचे होते, पण त्या मुलीला दोष देण्यात अर्थ नव्हता. पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रांत आणि सरकारी फलकांवर हरितगृह वायूंचे जे चित्र येते, त्यात अहिल्यानगर जिल्हा (2024 पर्यंतचा अहमदनगर) खरोखरच दिसत नाही. उसाचे मळे, गोठे, विहिरीवरच्या मोटारी आणि साखर कारखाने यांचा हा जिल्हा. यांपैकी एकाही गोष्टीतून काळा धूर निघताना दिसत नाही. प्रत्यक्षात नगरच्या शेतात रात्री मोटार चालू होते तेव्हा तिच्यासाठीचा कोळसा चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या केंद्रात किंवा राज्यातील अशाच एखाद्या केंद्रात जळत असतो. मोटार नगरला आणि धूर चंद्रपूरला, असा हा प्रकार आहे.

उत्सर्जन कमी करण्यासाठी राज्याने गेल्या काही वर्षांत बरेच उपाय योजले आहेत. त्यांतील तीन उपायांचा संबंध आपल्या जिल्ह्याशी थेट येतो. त्यांची या लेखात आपण झडती घेऊ. योजना चांगल्या की वाईट, असा निकाल देण्याचा हेतू नाही. शाळेतल्या गणिताच्या साहाय्याने त्यांचे दावे कितपत टिकतात, एवढेच पाहायचे आहे.

धोरणांची ओळख

हवामानबदलाविषयीचा राज्याचा पहिला मोठा अहवाल 2014 मध्ये टेरी या संस्थेने तयार केला. त्याचा रोख मुख्यतः बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यावर होता. उत्सर्जन किती आणि ते कसे घटवायचे हा भाग दुय्यम होता. नंतर मात्र एकामागून एक योजना आल्या. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांत आपल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी होते. 2 ऑक्टोबर 2020 रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू झाले. 2021 मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर झाले. 2022 मध्ये मुंबई महानगराने 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा आराखडा मांडला. देशाने त्यासाठी 2070 हे वर्ष ठरविलेले आहे. याच काळात केंद्राचा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम वेगाने वाढला आणि त्याचा मोठा भार महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील उसाने उचलला.

या यादीत पैसा, जाहिरात, पारितोषिके, उद्दिष्टे सारे आहे. एक गोष्ट मात्र शोधावी लागते, ती म्हणजे मोजणी. योजनेआधी किती टन वायू जात होता, नंतर किती गेला आणि हे कोणी व कशाने मोजले?

पहिला हिशेब : सौर वाहिनीचा

यांतील सर्वांत भक्कम योजनेपासून सुरुवात करू. पाच अश्वशक्तीची मोटार घेऊ. एक अश्वशक्ती म्हणजे 0.746 किलोवॅट. मोटारीची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर ती विजेच्या तारेतून सुमारे 4.7 किलोवॅट खेचते. वर्षात 150 दिवस रोज सहा तास, म्हणजे 900 तास चालली, तर वापर झाला सुमारे 4,200 युनिट. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका मोटारीपोटी वर्षाला जवळजवळ 3 टन. रोज 30 किलोमीटर फिरणारी मोटारसायकल वर्षाला 400 किलोच्या आसपास वायू सोडते. शेतातली एक मोटार अशा सात मोटारसायकलींच्या बरोबरीची ठरते. तरीही विद्युत दुचाकीची जाहिरात आपल्या डोळ्यांत भरते आणि विहिरीवरची मोटार नजरेतून सुटते!

सौर वाहिनीची कल्पना साधी आहे. गावाजवळच्या विद्युत उपकेंद्राला लागून काही मेगावॅटचे सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या वाहिनीला, म्हणजे फीडरला, दिवसा तीच वीज द्यायची. आपल्या हवामानात एक मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला साधारण 15 ते 16 लाख युनिट देतो. म्हणजे वर्षाला सुमारे 1,100 टन वायू वाचतो. 2023 मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि उद्दिष्ट पुढे 16 हजार मेगावॅटपर्यंत वाढले. ते पूर्ण झाले तर वरच्या हिशेबाने वर्षाला पावणेदोन कोटी टनांहून अधिक बचत होईल. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे ती स्वस्तही आहे. प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात.

आणखी एक लाभ टनांत मोजता येत नाही. रात्रीच्या पाळीची लाईट आली की थंडीत, अंधारात, साप-विंचवाची आणि अकोले-संगमनेरकडे बिबट्याची भीती घेऊन दारे धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाही. या योजनेला आमचा पाठिंबा आहे, तो या दोन्ही कारणांनी.

मग टीका कशावर? पहिली टीका मोजणीवर. राज्यातील शेतीपंपांपैकी फार मोठ्या संख्येला चालू स्थितीतले मीटरच नाही. त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने ठरविला जातो. आधीचा वापरच अंदाजाचा असेल, तर बचतही अंदाजाचीच राहणार. 1,100 टनांचा आपला आकडाही एका गृहीतावर उभा आहे : सौर वीज आली म्हणून मोटारी पूर्वीपेक्षा जास्त तास चालणार नाहीत, हे ते गृहीत.

ते खरे ठरेल का? राज्याने 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज जाहीर केली. अडचणीतल्या शेतकऱ्याला दिलासा हवा होता, हे आम्हांस मान्य आहे. पण मोफत वीज आणि दिवसा भरवशाची वीज या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की मोटार बंद करायला कारणच उरत नाही. पूर्वी भारनियमन हाच पाण्यावरचा एकमेव लगाम होता. तो जाचक होता, अन्यायाचा होता, पण लगाम होता. तो निघाला आणि त्याच्या जागी दुसरा कोणता आला, याचे उत्तर योजनेच्या कागदात सापडत नाही.

दुसरा हिशेब : इथेनॉलचा

आता आपल्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. या जिल्ह्याचे अर्थकारण तेव्हापासून उसाभोवती फिरत आले. 2003 मध्ये पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळण्यापासून सुरुवात झाली आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे केंद्राने जाहीर केले. कारखान्यांना नवे उत्पन्न मिळाले, उसाची देणी भागविण्यास त्याची मदत झाली. येथपर्यंत तक्रार नाही. पण इथेनॉलला सरसकट 'हरित इंधन' म्हटले जाते, तेव्हा वजाबाकी करून पाहणे आपले काम आहे.

एक हेक्टर ऊस घेऊ. उतारा 80 टन धरू. एक टन उसाच्या रसापासून सुमारे 70 लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे हेक्टरी 5,600 लिटर. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. तेव्हा इतके इथेनॉल साधारण 3,700 लिटर पेट्रोलची जागा घेईल. लिटरभर पेट्रोल जळून 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. वाचले साडेआठ टन. इथेनॉल जळतानाही कार्बन डायऑक्साइड निघतोच, पण तो उसाने आदल्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो धरायचा नाही. कारखान्याचे इंधनही बगॅस म्हणजे उसाचे चिपाड, तेही त्याच न्यायाने सुटले. ही जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू पाहू. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस असते. जमिनीत घातलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो, असे आंतरराष्ट्रीय हिशेबात धरतात. अडीच किलो नत्राचा सुमारे 3.9 किलो नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा आहे. म्हणजे चार किलोहून कमी वायूची किंमत 1.1 टन! धूर नाही, वास नाही, रंग नाही; युरियाच्या गोणीतून हळूच निसटणारा हा वायू आपल्या जिल्ह्याच्या हिशेबातला एक मोठा आकडा आहे.

त्यानंतर पाणी. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला 9,800 ज्यूल ऊर्जा लागते. पंप, मोटार आणि पाइप मिळून कार्यक्षमता 40 टक्के धरली, तर 50 मीटर खोलीवरून एक घनमीटर पाणी उचलायला 0.34 युनिट वीज लागते. पावसाचे पाणी वजा जाता उसाला मोकाट पद्धतीने हेक्टरी 15,000 घनमीटर पाणी उपसून दिले असे मानू. वीज झाली 5,100 युनिट आणि वायू सुमारे 3.6 टन. खोली 100 मीटर असेल तर त्याच्या दुप्पट, 7.2 टन.

आता वजाबाकी करू. प्रवरेच्या किंवा मुळेच्या पाटपाण्यावरचा ऊस असेल, तर पाणी उताराने आपोआप येते आणि साडेआठातून 1.1 टन जाऊन सात टनांहून अधिक बचत शिल्लक राहते. 50 मीटर खोलीच्या पाण्यावरचा ऊस असेल, तर 8.5 वजा 3.6 वजा 1.1, म्हणजे उरले 3.8 टन. आणि बोअरचे पाणी 100 मीटरवरून उपसून विहिरीत किंवा शेततळ्यात सोडून त्यावर ऊस जगविला असेल, तर उरले 0.2 टन. युरिया तयार करताना कारखान्यात निघालेला वायू, ट्रॅक्टरचे आणि वाहतुकीचे डिझेल हे अजून धरलेलेच नाही. ते धरले की बाकी शून्याच्या खाली जाते.

म्हणजे इथेनॉल एकच, कारखाना एकच, टाकीतही ते एकत्रच मिसळते; पण त्यामागचे पाणी कुठून आले यावर ते हरित की काळे हे ठरते. पाटाच्या कडेचा राहाता-श्रीरामपूरचा ऊस आणि बोअरवर जगविलेला पाथर्डी-जामखेडच्या बाजूचा ऊस यांत धोरण काही फरक करते का? दर ठरतात ते इथेनॉल कशापासून काढले यावरून. रसापासून, बी हेवी मोलॅसिसपासून की साखर काढून उरलेल्या शेवटच्या मोलॅसिसपासून. पाणी कोणते, हा प्रश्न त्यात नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साखर जास्तच झाली असेल आणि ऊस एरवीही लावला जाणार असेल, तर त्यातून काढलेले इथेनॉल जवळजवळ निव्वळ फायद्याचे आहे. उरलेल्या मोलॅसिसच्या इथेनॉलवर उसाचा सारा भार टाकणेही योग्य नाही. कारखाने बगॅसवर वीज तयार करून बाहेर देतात, तीही जमेस धरायला हवी. देशातील इथेनॉलचा निम्म्याहून अधिक भाग अलीकडे धान्यापासून होऊ लागला आहे, त्याचा हिशेब वेगळा. आमचा आक्षेप आहे तो इथेनॉलसाठी म्हणून कोरडवाहू तालुक्यांत वाढणाऱ्या नव्या उसावर आणि त्याला 'हवामानासाठीचा उपाय' म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रावर.

नीती आयोगाने 2021 मध्ये इथेनॉलचा जो आराखडा मांडला, त्यातही पाण्याचा उल्लेख आहे. एका टन उसापासून 100 किलो साखर किंवा 70 लिटर इथेनॉल, आणि एक किलो साखरेमागे 1,600 ते 2,000 लिटर पाणी. म्हणजे लिटरभर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी. धोरण लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते. आणि 2023 चा पाऊस कमी झाल्यावर काय घडले? 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. काही दिवसांत ती अंशतः सैल केली आणि पुढे 2024 मध्ये उठविली. पावसाने ओढ दिली की ज्याची टाकी बंद करावी लागते, त्या उपायाला दीर्घकालीन हवामान धोरणाचा खांब कसा म्हणावे?

दोन योजनांची बेरीज

आता एक चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की पंप सौर विजेवर चालविला तर 7.2 टन शून्यावर येतील ना? मग बोअरवरचा ऊसही हरित झालाच!

कागदावर झाला. येथेच आमच्या मुख्य आक्षेपाचे मूळ आहे. सौर वाहिनी आणि इथेनॉल या दोन्ही योजना एकत्र ठेवल्या की कार्बनचा हिशेब सुटतो आणि पाण्याचा बिघडतो. कोळशाच्या विजेवर खोल पाण्याचा ऊस हा निदान कार्बनच्या वहीत तोट्याचा दिसत होता. सौर विजेवर तो फायद्याचा दिसू लागतो. पाणी ही वस्तू मात्र कार्बनच्या वहीत नोंदलीच जात नाही. वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पावसाच्या, पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. उत्सर्जन घटले आणि गाव टँकरवर आले, तर त्या यशाचे काय करायचे? टँकरच्या डिझेलचाही पुन्हा हिशेब मांडावा लागेल, तो वेगळाच!

राज्याकडे यासाठी कायदा आहे. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने 60 मीटरहून खोल विहिरीला खोल विहीर ठरवून शेती व उद्योगासाठी तशी विहीर खोदण्यास मनाई केली आहे. गावोगाव फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहिल्या म्हणजे या कायद्याची अवस्था काय आहे, ते सांगायला नको. हवामान खात्याचा कागद, ऊर्जा खात्याचा कागद आणि भूजलाचा कागद ही तीन टेबलांवरची तीन कामे राहिली आहेत. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र ती एकाच बटणात येऊन मिळतात.

यातून मार्ग नाही असे नाही. वाहिनीला जोडलेल्या सौर प्रकल्पाचा एक मोठा गुण असा, की पंप बंद असले तरी त्याची वीज वाया जात नाही; ती जाळ्यात जाऊन इतरत्र उपयोगी पडते. म्हणजे न वापरलेल्या युनिटलाही मोल आहे. ते मोल शेतकऱ्याला का मिळू नये? गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज ते वीजकंपनीला विकू लागले. पंजाबने 2018 मध्ये 'पाणी वाचवा, पैसे कमवा' अशा अर्थाची योजना सुरू करून ठरावीक वापरापेक्षा वाचलेल्या युनिटला पैसे देऊन पाहिले. सहकाराची सत्तर वर्षांची परंपरा असलेल्या नगर जिल्ह्याला असा प्रयोग अवघड नाही. जाळ्याला न जोडलेला सुटा सौरपंप मात्र वेगळा; ऊन पडले की पाणी उपसणे याखेरीज त्याला दुसरे काम नसते. राज्य सध्या दोन्ही प्रकारांना सारख्याच उत्साहाने अनुदान देते, हे आम्हांस विसंगत वाटते.

तिसरा हिशेब : गुणांचा

माझी वसुंधरा अभियानात पृथ्वी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांखाली गावांना व शहरांना गुण मिळतात आणि पर्यावरणदिनी पारितोषिके. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांना एका स्पर्धेत आणण्याची कल्पना चांगली आहे. गावागावांत पर्यावरणाचा विषय चर्चेत आला, हे या अभियानाचे श्रेय.

पण शिक्षकांना आम्ही एक प्रश्न विचारू. विद्यार्थ्याने वही नीट झाकली, समास आखला, रोज हजेरी लावली, म्हणून त्याला गणितात पूर्ण गुण द्याल काय? अभियानाचे गुण बहुतांशी केलेल्या कामांना आहेत : झाडे लावली, दिवे बदलले, शपथा घेतल्या. त्या कामांमुळे किती टन वायू कमी झाला, ही उत्तरपत्रिका तपासली जात नाही. रस्त्यावरचे दिवे बदलले तर किती युनिट वाचली हे वीजबिलावरून पाच मिनिटांत निघते. ते मागावे, एवढीच आमची अपेक्षा. संगणकावर घेतलेल्या शपथेचे वजन टनांत कसे करायचे, ते आम्हांस माहीत नाही.

वृक्षलागवडीचेही तसेच. 2016 ते 2019 या काळात राज्याने दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी अशी चढती उद्दिष्टे ठेवली. लावलेल्या रोपांचे आकडे मोठे होतात. पाचव्या वर्षी जिवंत असलेल्या झाडांचा आकडा मोठ्या फलकावर कधी लागत नाही. कार्बन साठवते ते जगलेले झाड.

वहीत नसलेली पाने

नगर हा राज्यातील दुधाचा आघाडीचा जिल्हा. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटातील सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. एका दुभत्या गाईमागे तो वर्षाला 40 ते 60 किलो धरला जातो. 50 किलो धरले आणि मिथेन 27 पट तापवणारा मानला, तर झाले 1.35 टन. दोन गाई म्हणजे साधारण एक विहिरीवरची मोटार! याचा अर्थ गाई विका असा कोणी काढू नये. दुष्काळी तालुक्यांत दुधाचा पगार हाच घराचा आधार असतो. पण संतुलित आहार दिला तर लिटरमागे मिथेन कमी होतो आणि दूधही वाढते, असे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या कामात दिसले आहे. शेण उघड्या उकिरड्यावर टाकण्याऐवजी गोबरगॅसमध्ये गेले तर तोही मिथेन चुलीत उपयोगी पडतो. कमी उत्सर्जन आणि शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसा, असा दुहेरी लाभ असलेला हा उपाय राज्याच्या हवामानविषयक चर्चेत शेवटच्या बाकावर बसलेला आहे.

उसाचे पाचट तसेच. ते पेटविण्याऐवजी सरीत कुजविले तर ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते आणि जमिनीतला कर्ब वाढतो. कृषी विद्यापीठे हे वर्षानुवर्षे सांगत आहेत. तोडणीनंतर रात्री लाल झालेले क्षितिज मात्र अजून दिसते.

मोजणारे गाव

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. मोजून चालणारे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. नगरपासून जवळच असलेल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती हवे, हे आधी काढून उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभा ठरविते. शेतीसाठी बोअर नाही आणि उसासारखे पाणीखाऊ पीक नाही, असे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. कमी खोलीवरचे पाणी म्हणजे कमी वीज आणि कमी वीज म्हणजे कमी वायू. कार्बनचे नावही न घेता या गावाने जे केले, ते आपल्या आजच्या कोष्टकात बसवून पाहा. 100 मीटरऐवजी 15 मीटरवरून पाणी उचलले, तर वीज जवळजवळ सातव्या हिश्शावर येते. पाणलोटाचे काम हे वीजबचतीचेही काम आहे, हे राज्याच्या एखाद्या हवामान आराखड्याने हिवरे बाजारकडून उचलायला हरकत नव्हती.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शेती वाहिनीच्या उपकेंद्रावर मीटर असतोच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे दोन आकडे, वाहिनीचे युनिट आणि विहिरीची पातळी, ग्रामपंचायतीच्या एकाच फलकावर शेजारी शेजारी लिहावेत. सौर वीज आल्यावर युनिट वाढले आणि पातळी उतरली, तर तिथली योजना फसली. युनिट स्थिर राहून पातळी टिकली, तर ती यशस्वी झाली. यासाठी नवा आयोग नको, नवे पारितोषिकही नको. हे होईपर्यंत राज्याच्या बचतीच्या आकड्यांवर पूर्ण विश्वास ठेवण्यास आम्ही तयार नाही.

वर्गात करून पाहा

हा हिशेब आठवी-नववीचे विद्यार्थी सहज करू शकतील. प्रत्येकाने घरच्या मोटारीची अश्वशक्ती, ती चालण्याचे तास आणि पाण्याची खोली लिहून आणावी. मीटर नसेल तर घरच्यांना विचारून तास काढावेत. गोठ्यातील गाई-म्हशी आणि आणलेल्या युरियाच्या गोण्याही नोंदवाव्यात. युरियात 46 टक्के नत्र असते, हे सांगावे. मग वर दिलेले आकडे वापरून घराचा वर्षाचा वायू टनांत काढावा. शेवटी वर्गातील सर्वांची बेरीज फळ्यावर मांडावी. कोणाचे घर 'जास्त दोषी' याची स्पर्धा मात्र होऊ देऊ नये. ज्यांच्याकडे मोटार नाही, गाय नाही, त्यांचा आकडा लहान का आहे, हा प्रश्नही त्याच तासात चर्चेला यावा.

आमचे सर्व आकडे सरासरीचे आहेत. तुमच्या गावची खोली, उतारा आणि पाणी वेगळे असेल, तेव्हा उत्तरही वेगळे येईल. तसे ते आलेच पाहिजे. प्रदर्शनातल्या त्या मुलीने 'शून्य' हे उत्तर दिले, कारण तिच्या हाती मोजायला कोणी काही दिलेच नव्हते. पुढच्या वर्षी तिच्या प्रतिरूपात धुराड्याशेजारी एक विहीर, एक गोठा आणि त्यांच्यापुढे आकडे दिसले, तर आम्ही त्याला पहिला क्रमांक देऊ.